गोव्याच्या दमट हवेत कॅनिक्रॉस शर्यतीची तयारी

कॅनिक्रॉसमध्ये कुत्रा पुढे धावतो, माणूस त्याच्या मागे धावतो आणि सुमारे दोन मीटर लांबीचा, ताणला जाणारा दोर त्या दोघांना जोडून ठेवतो. स्लेज म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना बर्फ नसलेल्या महिन्यांत तंदुरुस्त ठेवण्यासाठी युरोपात रुजलेला हा सराव आता स्वतंत्र खेळ झाला असून त्याच्या अनेक शर्यती मातीच्या वाटेवर, साधारण पाच किलोमीटरच्या असतात. तेथील आयोजक थंड महिने निवडतात आणि हवा तापली तर अंतर कमी करतात किंवा शर्यतच रद्द करतात. गोव्यात तयारी करणाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी, कारण आपल्याला सुखद वाटणारी पौषातली सकाळसुद्धा ओढत धावणाऱ्या कुत्र्यासाठी उष्णच असते.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरच्या आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने बाहेर टाकतो, आणि हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर ही व्यवस्था मंदावते. त्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेले की उष्माघाताचा धोका उभा राहतो. शिवाय उत्साही कुत्रा स्वतःहून थांबत नाही. मालक पळतो आहे म्हणून तोही पळत राहतो आणि त्याच्यासाठी थांबण्याचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. म्हणून दम वाढवण्याइतकेच किंवा त्याहून अधिक लक्ष वेळेवर थांबण्याच्या सरावाकडे द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

ओढून धावण्याचा सराव नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच ठेवावा आणि तोही सूर्योदयाच्या आसपास उरकावा. पहाटे हवेतील आर्द्रता सर्वाधिक असते हे खरे, पण तापमान तेव्हाच सर्वांत कमी असते आणि जमीन थंड असते. संध्याकाळी मात्र दिवसभर तापलेला जांभा दगड आणि डांबर बराच वेळ उष्णता सोडत राहतात. जमिनीवर हाताचा मागचा भाग पाच सेकंद ठेववत नसेल, तर त्या जमिनीवर कुत्र्याला धावायला लावू नये. मार्च ते मे या महिन्यांत सावलीत चालणे आणि आज्ञांचा सराव एवढेच करावे. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, त्यामुळे तेव्हाही लांब पल्ल्याचा मोह टाळलेला बरा.

कोणता कुत्रा योग्य, असे पुष्कळ जण विचारतात. युरोपात पॉइंटर आणि त्यांच्या संकरित जाती आघाडीवर दिसतात. आपल्याकडे सडपातळ, आखूड केसांचा, लांब पायांचा गावठी कुत्रा या कामासाठी उत्तम. लॅब्राडॉरही चालतो, मात्र त्याचे वजन आटोक्यात हवे. पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना या खेळात आणू नये, आणि जाड केसांच्या हस्कीला, तो मूळचा स्लेज ओढणारा असला तरी, गोव्यात धावायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पिल्लाची हाडे पक्की होईपर्यंत, म्हणजे साधारण एक वर्षाचा आणि मोठ्या जातीचा असेल तर दीड वर्षाचा होईपर्यंत, ओढण्याचे काम देऊ नये. त्यानंतरही आधी पशुवैद्याकडून हृदय, सांधे आणि पंजे तपासून घ्यावेत. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी वेळेवर झालेल्या असाव्यात. गोवा २०२१ मध्ये देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले ते सातत्याच्या लसीकरणामुळेच, आणि अनेक शर्यतींत लसीकरणाची नोंदवही तपासली जाते.

साहित्य तीनच वस्तूंचे. पहिली वस्तू म्हणजे कुत्र्याचा हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा पट्ट्यांचा साज, ज्यात ओढीचा भार छातीच्या हाडावर आणि बरगड्यांवर पसरतो, गळ्यावर येत नाही आणि खांदे मोकळे राहतात; छातीवरून आडवा पट्टा जाणारा हार्नेस खांद्याची हालचाल अडवतो, म्हणून तो घेऊ नये, आणि गळपट्ट्याला दोर बांधून तर कधीही धावू नये. दुसरी वस्तू माणसाचा रुंद पट्टा. तो कंबरेवर नव्हे, तर खाली नितंबांवर बसावा आणि वर सरकू नये म्हणून त्याला मांड्यांचे पट्टे असावेत. भार पाठीच्या कण्यावर आला तर दुखणे ओढवते. तिसरी वस्तू लवचिक दोर, जो अचानकचा हिसका दोघांच्याही अंगाला लागू देत नाही. पट्ट्याची कडी एका झटक्यात सुटणारी असावी, कारण गावातून धावताना मोकळे कुत्रे अंगावर आले किंवा दोर झुडपात अडकला, तर सुटका तत्काळ व्हावी लागते.

आता शिकवणे. घरोघरी कुत्र्याला शेजारी चालायची सवय लावलेली असते आणि ती मोडायची नसते. गळपट्टा म्हणजे शांत चालणे आणि हार्नेस म्हणजे ओढणे, हा फरक त्याच्या मनात पक्का करायचा असतो. म्हणून हार्नेस फक्त धावण्याच्या वेळीच घालावा. सुरुवातीला घरातील कोणी शंभर मीटर पुढे उभे राहून त्याला हाक मारावी, दोर ताणला जाताच आपण मागून धावावे, पोहोचल्यावर भरभरून कौतुक करावे आणि त्याला आणखी धावावेसे वाटत असतानाच थांबावे. निघणे, थांबणे, सावकाश होणे, उजवे, डावे आणि दुसऱ्याला ओलांडून सरळ पुढे जाणे, एवढ्या आज्ञा पुरेत. ‘उजवीकडे’ आणि ‘डावीकडे’ यांचा शेवट सारखाच ऐकू येतो, म्हणून दोन्ही दिशांसाठी छोटे आणि वेगळ्या उच्चाराचे शब्द ठरवावेत व घरातील सर्वांनी तेच वापरावेत. वळण येण्याच्या काही पावले आधी आज्ञा द्यावी. वळणावर पोहोचल्यावर दिलेली आज्ञा निरुपयोगी असते.

आठवड्यातून तीन दिवस धावणे पुरेसे आहे. प्रथम दहा मिनिटे चालून अंग मोकळे करावे, मग थोडे धावणे आणि थोडे चालणे असे आलटून पालटून एक किलोमीटर करावे. अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवावे आणि वेग व अंतर एकाच आठवड्यात वाढवू नयेत. एक किलोमीटरपासून पाच किलोमीटरपर्यंत पोहोचायला दोन ते अडीच महिने लागले तरी ते योग्यच आहे.

वाटेची निवड हा गोव्यात फार महत्त्वाचा विषय आहे. दिवाडी आणि चोडण बेटांवरील खाजन शेतांचे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांचे, बांध सपाट आणि मऊ असल्याने सरावासाठी छान. मात्र कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, म्हणून त्या परिसरात कुत्र्याला पाण्यात उतरू देऊ नये. पेडणे, डिचोलीकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, मोकळी जागा मिळते, पण जांभ्याचे धारदार कंगोरे पंजे कापतात आणि अशा कातळावर फुरसे हा विषारी साप असू शकतो, म्हणून पुरेसे दिसेल इतका उजेड झाल्याशिवाय तेथे जाऊ नये. सत्तरीत २०१५ पासून गोचिडांमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तेथील रानकडेच्या वाटा कोरड्या महिन्यांत टाळाव्यात. म्हादई, बोंडला, नेत्रावळी अशी अभयारण्ये सरावाची जागा नव्हेत. समुद्रकिनारी ओहोटीच्या वेळी घट्ट वाळूवर धावता येते, परंतु मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालतात, त्यामुळे ते किनारे सोडून द्यावेत. रापणीनंतर, म्हणजे किनाऱ्यावर जाळे ओढून झाल्यावर, वाळूत पडलेला केंड मासा विषारी असतो. कुत्र्याने तो तोंडात धरू नये म्हणून आधीच दोर आखडावा.

माणसाच्या तयारीकडे बहुधा दुर्लक्ष होते. कुत्रा ओढू लागला की आपले पाऊल नेहमीपेक्षा लांब पडते, आणि त्याचा ताण मांडीच्या मागच्या स्नायूंवर व पोटऱ्यांवर येतो. उतारावर तर तोल सांभाळणे हीच परीक्षा असते. पोट, पाठ आणि मांड्या बळकट करणारे व्यायाम आठवड्यातून दोनदा करावेत, उतारावरून एकट्याने सावकाश उतरण्याचा सराव करावा आणि खोल नक्षीच्या तळव्यांचे बूट घ्यावेत.

शर्यतीच्या दिवशी कुत्र्याला धावण्यापूर्वी किमान चार तास खाणे देऊ नये. भरल्या पोटी धावल्यास, विशेषतः खोल छातीच्या कुत्र्यांत, पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. मीठ आणि कांदा न घातलेले कोंबडीचे पातळ पाणी सुमारे दोन तास आधी दिल्यास तो आवडीने पितो. सुरुवातीच्या रेषेजवळ भुंकणे आणि गोंधळ फार असतो, म्हणून पाळी येईपर्यंत दूर सावलीत थांबावे. पुढच्या जोडीला ओलांडताना आधी आवाज द्यावा, दोर हातात आखूड धरावा आणि आपला कुत्रा दुसऱ्याच्या अंगावर जाणार नाही हे पाहावे. कुत्रा मागे पडला तर त्याला ओढत नेणे नियमाविरुद्ध आहे. त्याच्या गतीने चालत जावे.

जीभ रुंद होऊन टोकाशी पसरली, हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट झाली किंवा पावले अडखळू लागली, तर शर्यत तिथेच सोडावी. सावलीत नेऊन सर्व अंगावर भरपूर पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, कारण त्याखाली उष्णता कोंडते. आधी अंग थंड करावे आणि मगच पशुवैद्याकडे न्यावे. नेताना गाडीत थंड हवा सुरू ठेवावी.

सारे सुरळीत झाले तरी शेवटच्या रेषेनंतर लगेच बसू देऊ नये. धाप उतरेपर्यंत हळूहळू चालवावे, थोडे थोडे पाणी द्यावे आणि खाणे तासाभराने द्यावे. घरी आल्यावर पंजे, कानांच्या घड्या, काखा आणि बोटांमधील जागा गोचिडांसाठी बोटांनी चाचपून पाहाव्यात. पुढचे दोन दिवस फक्त चालणे ठेवावे. या काळात तो लंगडला, खायला नको म्हणाला किंवा त्याची लघवी गडद तांबूस दिसली, तर वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे.