वेब सर्व्हिस डिप्लॉय करताना क्लास लोडिंगचा बिघाड कसा शोधावा

लॅपटॉपवर बिनतक्रार चालणारी जावातली वेब सर्व्हिस सर्व्हरवर चढवताच कोसळते आणि लॉगमध्ये एखाद्या क्लासच्या नावाने एरर येते, तेव्हा बहुतेकांचा हात आधी जार फाइलींकडे, म्हणजे जावाचे क्लास बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांकडे जातो. एक जार टाकायची, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, जमले नाही तर दुसरी टाकून पाहायची. मुंबईतल्या बहुतेक ग्राहकांकडे डिप्लॉयमेंटसाठी रात्रीचे मोजके तासच मिळतात आणि ते या प्रयोगांत सहज संपतात. शिवाय अशा रीतीने सर्व्हिस चालू झालीच, तरी ती कशामुळे चालू झाली हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून कोणतीही जार हलवण्यापूर्वी, तो क्लास कोणत्या लोडरने (क्लास शोधून मेमरीत आणणाऱ्या भागाने) आणि कोणत्या फाइलीतून उचलला, हे जावालाच विचारावे.

सुरुवात लॉगपासून करावी आणि तो खालून वर वाचावा, कारण मूळ कारण बहुधा सर्वांत शेवटच्या ‘कॉज्ड बाय’ ओळीत असते. क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन आले असेल, तर चालत्या प्रोग्रॅमने एखादा क्लास नावाने मागितला आणि लोडरला तो मिळाला नाही. नोक्लासडेफफाउंडएरर दिसल्यास कंपाइल करताना असलेला क्लास आता मिळत नाही, किंवा क्लास मिळाला पण त्याचा स्टॅटिक भाग (क्लास पहिल्यांदा वापरताना एकदाच चालणारा कोड) आधीच अपयशी ठरला आहे. या दुसऱ्या प्रकारात खरी एरर लॉगमध्ये बरीच वर, पहिल्या वेळी नोंदलेली असते आणि ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएररचा अर्थ सरळ आहे: जावा 17 वर कंपाइल केलेल्या क्लास फाइलीचा आवृत्ती-क्रमांक 61 असतो, आणि 55 पर्यंतच वाचू शकणारा जावा 11 तो नाकारतो.

नोसचमेथडएरर मात्र फसवी असते, कारण तिथे क्लास सापडलेला असतो, फक्त तो दुसऱ्याच आवृत्तीचा असतो. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात टॉमकॅट या जावा सर्व्हरवर तपासलेली एक सोप सर्व्हिस (एक्सएमएल संदेशांवर चालणारी वेब सर्व्हिस) आम्ही वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका ग्राहकाच्या सर्व्हरवर चढवली होती. डिप्लॉयमेंट सुरळीत झाले, पण पहिल्याच रिक्वेस्टला ही एरर आली. वॉर फाइल, म्हणजे पूर्ण वेब ॲप्लिकेशनचा गठ्ठा, उघडून मी तीनदा पाहिली आणि तीनही वेळा योग्य जार जागेवर होती. तेव्हा टीममधल्या ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, “अरे, जार आहे की नाही ते सोड, क्लास उचलला कुठून ते बघ.” आम्ही त्या क्लासवर गेटप्रोटेक्शनडोमेन, गेटकोडसोर्स आणि गेटलोकेशन या मेथड एकापुढे एक लावून उत्तर लॉगमध्ये छापले. छापून आलेला मार्ग आमच्या वॉरमधल्या वेब-इन्फ फोल्डरातल्या, जार ठेवण्याच्या लिब फोल्डरचा नव्हता; तो सर्व्हरच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या, त्याच नावाच्या जुन्या जारचा होता.

याचे कारण लोडरच्या क्रमात आहे. जावाच्या नेहमीच्या रीतीने प्रत्येक लोडर आधी आपल्या पालक लोडरला विचारतो आणि त्याच्याकडे नसेल तरच स्वतः शोधतो. टॉमकॅट इथे वेगळा वागतो: जावाचे मूळ क्लास आणि सर्व्हलेट एपीआय (वेब रिक्वेस्ट हाताळण्यासाठी सर्व्हरच पुरवतो ते क्लास) वगळता तो आधी वेब-इन्फमधले क्लासेस फोल्डर, मग तिथलेच लिब फोल्डर पाहतो आणि त्यानंतर पालकाकडे जातो. वेबलॉजिक या दुसऱ्या सर्व्हरमध्ये मूळ क्रम पालकाला प्राधान्य देणारा असतो आणि ॲप्लिकेशनची पॅकेजेस पुढे आणायची असल्यास ती वेबलॉजिक एक्सएमएल फाइलीत नोंदवावी लागतात. वेबस्फिअर सर्व्हरमध्ये त्यासाठी ‘पॅरेंट लास्ट’ची, म्हणजे पालकाला शेवटी विचारण्याची सोय आहे. त्यामुळे तपासणीचा आणि ग्राहकाचा सर्व्हर वेगळा असेल, तर हा क्रम आधीच लिहून ठेवावा.

कोडमध्ये ओळ घालणे शक्य नसेल, तर सर्व्हर सुरू करताना जावा 8 वर व्हर्बोज-क्लास हा पर्याय आणि जावा 9 पासून एक्सलॉगमध्ये क्लास-लोड लावावे. प्रत्येक क्लास कुठून आला ते छापले जाते. हे आउटपुट हजारो ओळींचे असते, म्हणून ते फाइलीत घेऊन हव्या त्या क्लासचे नाव शोधावे. एखादा क्लास त्याच नावाच्या क्लासमध्ये कास्ट होत नाही (त्या प्रकारचा मानला जात नाही), अशी चक्रावून टाकणारी क्लासकास्टएक्सेप्शन आली, तर तोच क्लास दोन लोडरांनी दोनदा आणला आहे असे समजावे आणि त्यातली एक प्रत काढावी.

एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एका लिब फोल्डरात असतील, तर कोणती आधी वाचली जाईल याची खात्री नसते, आणि म्हणूनच एका मशीनवर चालणारी वॉर दुसरीवर अडते. मेव्हन या बिल्ड साधनाच्या डिपेन्डन्सी-ट्रीमध्ये (कोणती लायब्ररी कोणावर अवलंबून आहे याच्या यादीत) ती दुसरी आवृत्ती कोणाच्या मागून आली ते कळते. तिथे ती एक्स्क्लूड करावी. सर्व्हलेट एपीआयची जार ‘प्रोव्हायडेड’, म्हणजे सर्व्हरने पुरवायची अशी ठेवावी, वॉरमध्ये घालू नये.

आवृत्ती बदलताना दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. सोप सर्व्हिस आणि एक्सएमएल हाताळणारे जॅक्स-डब्ल्यूएस आणि जॅक्सबी 2018 च्या जावा 11 मधून काढून टाकले गेले, त्यामुळे जावा 8 वरून येणाऱ्या सर्व्हिसला ते स्वतःच्या डिपेन्डन्सीत घ्यावे लागतात. टॉमकॅट 9 जावाएक्सने सुरू होणारी जुनी पॅकेज-नावे ओळखतो, टॉमकॅट 10 जकार्ताने सुरू होणारी नवी. जुनी वॉर टॉमकॅट 10 वर चालवायची असल्यास ती वेबॲप्स-जावाईई फोल्डरात ठेवावी, म्हणजे टॉमकॅट तिचे रूपांतर करून घेतो.

दुरुस्ती झाल्यावर वॉरचे जुने उघडलेले फोल्डर आणि सर्व्हरचे वर्क फोल्डर रिकामे करून सर्व्हर सुरू करावा. केवळ डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचे वर्णन देणारी फाइल) उघडते म्हणून ग्राहकाला होकार कळवू नये. जावा क्लास गरज पडेल तेव्हाच लोड करतो, त्यामुळे सर्व्हिसच्या प्रत्येक ऑपरेशनला एक खरी रिक्वेस्ट पाठवून उत्तर तपासावे आणि मगच ऑफिस सोडावे.