मंडळीचा वडील निवडताना: आधी घर पाहावे, मग व्यासपीठ

गोव्यात डिचोली, फोंडा किंवा म्हापशाच्या आसपास भाड्याच्या खोलीत किंवा कोणाच्या अंगणातल्या पत्र्याखाली रविवारी जमणाऱ्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून एखादा वडील, म्हणजे मंडळी सांभाळणारा आणि शिकवणारा पुढारी, गाव सोडून गेला किंवा वयोमानाने थकला, की लगेच विचारले जाते, “आता प्रवचन कोण करणार?” निवडीला या प्रश्नापासून सुरुवात करू नये. बायबलात प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाच्या, म्हणजेच वडिलाच्या, अंगी काय असावे आणि काय नसावे, अशा सुमारे पंधरा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत कौशल्य म्हणावे अशी एकच आहे, ती म्हणजे शिकवण्यातील निपुणता. बाकी सर्व स्वभावाच्या, वागणुकीच्या आणि लौकिकाच्या गोष्टी आहेत. त्या व्यासपीठावर दिसत नाहीत, म्हणून त्या जिथे दिसतात तिथे जाऊन पाहाव्या लागतात.

कोणाचेही नाव पुढे येण्याआधी हा अध्याय आणि तीताला लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय दोन-तीन रविवार सर्वांनी मिळून वाचावा. नाव एकदा तोंडातून बाहेर पडले, की लोक त्या माणसाला बसेल असाच अर्थ काढू लागतात. वाचन आधी झाले, तर निकष सर्वांच्या मनात पक्का राहतो. पहिलाच शब्द ‘अदूष्य’ आहे. त्याच्या मूळ ग्रीक शब्दात, ज्याला दोषाने धरायला जागा सापडत नाही, असा भाव आहे. असा माणूस कधी चुकत नाही, असे नव्हे. चुकला तर तो झाकत नाही, एवढी खात्री हवी.

त्यानंतर घर पाहावे. ज्याला स्वतःच्या घराची व्यवस्था ठेवता येत नाही, तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील, हा पौलाचा प्रश्न अगदी सरळ आहे. भेटीला जाताना चार दिवस आधी कळवून, फराळाची तयारी करायला लावून जाऊ नये. संध्याकाळी सहज जावे आणि बसावे. बायकोचे वाक्य नवरा मध्येच तोडतो का, मुले बापासमोर मोकळेपणी बोलतात की तो आत येताच गप्प होतात, हे अर्ध्या तासात कळते. येथे एक सावधगिरी बाळगावी. मोठ्या झालेल्या मुलाने वेगळी वाट धरली, एवढ्यावरून बापाला बाद करू नये. त्या मुलाविषयी बाप कसा बोलतो आणि त्याच्यासाठी दार उघडे ठेवतो का, हे पाहावे. ‘एका स्त्रीचा पती’ या शब्दांचा अर्थ सर्व मंडळ्या एकसारखा लावत नाहीत, आणि लॅटिन परंपरेतील कॅथलिक पाद्री तर ब्रह्मचर्याचे व्रत पाळतात. परंतु विवाहित पुढाऱ्याने विवाहाशी एकनिष्ठ असावे, याविषयी कोठेही दुमत नाही.

पैशाची पारख बोलण्यातून होत नाही, हातून होते. उपासनेनंतर दानार्पण मोजायला त्या व्यक्तीला दुसऱ्या कोणाबरोबर काही महिने बसवावे. एकदा आमच्याकडे पाकिटावर लिहिलेल्या रकमेपेक्षा आत वीस रुपये कमी निघाले. सोबतचा म्हणाला, “आपल्या खिशातले घालू, कशाला नोंद?” मोजणाऱ्या भावाने नोटा पुन्हा सरळ केल्या, पुन्हा मोजल्या, वहीत ‘२० रुपये कमी’ असे लिहून सही केली आणि सोबत्यालाही सही करायला लावली. त्या दिवसापासून त्याच्याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

मद्याचा प्रश्न गोव्यात टाळून चालत नाही. काजूच्या हंगामात उर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, घरोघरी असतो आणि लग्नकार्यात फेणी पुढे केली जाते. प्यावे की नाही, याविषयी मंडळ्यांचे नियम वेगवेगळे आहेत, पण वडील मद्यपी नसावा हे पत्रात स्पष्ट लिहिलेले आहे. त्याला लागूनच तो मारका आणि भांडखोर नसावा, असेही म्हटले आहे. ज्या घराने या गोष्टी एकामागोमाग येताना सोसल्या आहेत, त्याला त्या शेजारी शेजारी का लिहिल्या, हे सांगावे लागत नाही.

बाहेरच्या लोकांत चांगला लौकिक असावा, ही अट आपण सर्वांत कमी तपासतो. आपल्या गावात ‘बाहेरचे’ म्हणजे शेजारचे हिंदू कुटुंब, कॅथलिक शेजारी, किराणा दुकानदार, सकाळी पाव आणणारा पोदेर आणि कामावरचे सहकारी. त्याची उधारी वेळेवर फिटते का आणि तो दिलेला शब्द पाळतो का, हे यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. आमची मंडळी कॅथलिक नसली, तरी या बाबतीत मी बाणावलीला १६५१ साली जन्मलेल्या संत जुझे वाझ या कॅथलिक धर्मगुरूंचे उदाहरण नेहमी देतो. श्रीलंकेत कँडीला त्यांना आधी हेर समजून कैदेत टाकले होते. पुढे १६९७ च्या देवीच्या साथीत त्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा केली, आणि तिथल्या बौद्ध राजाने त्यांना मोकळेपणी काम करू दिले. परधर्मीयांची साक्ष ती हीच.

नव्या विश्वासणाऱ्यावर हा भार टाकू नये. मी ज्या मंडळीत पूर्वी होतो, तिथे आम्ही बाप्तिस्म्याला वर्षही न झालेल्या, सुरेख बोलणाऱ्या एका तरुणाला वडील केले. पुढे तो कोणाचे ऐकेनासा झाला आणि काही कुटुंबे मंडळी सोडून गेली. दोष त्याच्यापेक्षा आमचा अधिक होता. गर्वाचा धोका पौलाने लिहून ठेवला होता, आणि तो आम्हीच मोठ्याने वाचला होता.

शिकवण्याची परीक्षा शेवटी घ्यावी. वक्तृत्व पाहू नये. एखाद्या घरगुती प्रार्थनासभेत म्हाताऱ्या आजीला आणि शाळकरी मुलाला एकच वचन समजावून सांगता येते का, आणि विरोधी प्रश्न आला तर स्वर चढतो का, हे पाहावे.

यानंतरच नाव जाहीर करावे, आणि शक्यतो एकच नव्हे. प्रेषितांची कृत्ये यात प्रत्येक मंडळीत वडील नेमल्याचे सांगितले आहे, आणि तो शब्द अनेकवचनी आहे. सगळे एकाच घरातले नसतील, एवढे पाहावे. हरकत असल्यास ती सध्याच्या वडिलांना समक्ष सांगावी, यासाठी किमान चार रविवार द्यावेत. पुढे कोणी आरोप केला, तर दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून तो मान्य करू नये, पण साक्ष असेल तर तो दाबूही नये. उतावळीने कोणावर हात ठेवू नये, म्हणजे घाईने कोणाला नेमू नये, अशीही ताकीद तीमथ्याच्या त्याच पत्रात आहे, म्हणून एखादा रविवार जास्त लागला तरी चालेल.

हस्तार्पण झाल्यावर पहिले वर्षभर दानपेटीची किल्ली नव्या वडिलांकडे देऊ नये. ती दुसऱ्या दोघांकडे राहावी, आणि हे त्यांना आधीच सांगावे.