कवटीच्या तळाशी श्वानोमा: ऑपरेशनआधीची तयारी

नसेच्या (मज्जातंतूच्या) आवरणातून वाढणारी श्वानोमाची गाठ बहुतेकदा कर्करोगाची नसते आणि हळू वाढते. त्यामुळे तयारीला सहसा वेळ मिळतो, तो वापरा. गाठ नेमकी कोणत्या नसेवर आहे हे आधी डॉक्टरांना विचारा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. मेंदूतून निघणाऱ्या नसांना क्रमांक असतात: पाचवी नस असेल तर चेहऱ्याची संवेदना आणि चावणं, सातवी असेल तर डोळा मिटणं. ज्युग्युलर फोरामेनमधून, म्हणजे कवटीच्या तळाच्या एका छिद्रातून, ९वी, १०वी आणि ११वी नस जाते. तिथं गिळणं, आवाज आणि खांदा उचलणं पणाला लागतं.

फाइलमध्ये कॉन्ट्रास्ट एमआरआय आणि हाडांचा बारीक सीटी स्कॅन हवा. नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडी न्या. जुने स्कॅनही न्या, म्हणजे गाठ किती वाढली ते कळेल. वय कमी असेल किंवा गाठी एकाहून जास्त असतील, तर एनएफ२ची (अशा अनेक गाठी होणाऱ्या आनुवंशिक आजाराची) जनुकीय तपासणी करायची का, ते विचारा.

गिळण्याची तपासणी, दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहणं आणि ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) हे तिन्ही ऑपरेशनआधी व्हावेत, असा माझा आग्रह आहे. नस हळूहळू निकामी झाली असेल, तर दुसऱ्या बाजूनं बरंचसं काम सांभाळून घेतलेलं असतं. चांगली चालणारी नस एकाएकी दुखावली, तर मात्र पाण्याचा घोटसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून आज त्रास नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. काही दिवस नाकातून नळीनं अन्न द्यावं लागेल का, गळ्याला छिद्र करावं लागेल का, गिळण्याचे व्यायाम कोण शिकवणार, हे घरातल्या सगळ्यांसमोर विचारून घ्या.

संमतीपत्रावर सही करण्याआधी आणखी एक बोलणं व्हायलाच हवं: गाठ नसेला घट्ट चिकटलेली निघाली तर काय करायचं? थोडी गाठ मागे ठेवून नस वाचवता येते. राहिलेल्या भागावर एमआरआयनं लक्ष ठेवतात, तो वाढला तर रेडिओसर्जरीचा (नेमक्या जागी किरणांचा मारा करण्याचा) विचार करतात. आवाजावर पोट असलेल्या माणसाचं उत्तर वेगळं असू शकतं, ते सर्जनला आधीच सांगा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. तारीख डॉक्टर देतील. डोळा मिटणार नसेल, तर थेंब आणि मलम आणून ठेवा. घरी आल्यावर नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखा द्रव आला, ताप आला किंवा मान आखडली, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.