स्टेरॉइड कमी करताना: शेवटच्या 5 मिग्रॅची घाई नको

दमा, संधिवात, किडनी किंवा कातडीच्या आजारासाठी महिनोन्महिने प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) घेतलं असेल, तर ते एका दिवसात बंद करू नका. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. ते काम गोळी करू लागली की ग्रंथी निजतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त गोळ्या झाल्या असतील तर त्या निजलेल्याच आहेत असं धरून चाला. जाग्या व्हायला कधी काही आठवडे लागतात, कधी वर्षही जातं.

आधी आपण नेमकं काय घेतो ते पक्कं करा. प्रेडनिसोलोन 5 मिग्रॅ, मिथाइलप्रेडनिसोलोन 4 मिग्रॅ आणि डेफ्लाझाकॉर्ट 6 मिग्रॅ यांची ताकद साधारण सारखी आहे. खरी अडचण पुड्यांची. गुडघेदुखीवर किंवा दम्यावर जडीबुटी म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत दुखणं पळालं, भूक वाढली, महिन्या-दोन महिन्यांत तोंड गोल झालं, तर शंका घ्या. मात्र घाबरून पुडी उकिरड्यावर फेकू नका. उरलेली पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा. किती आणि किती दिवस घेतली ते खरं सांगा, कोणी रागावलं तरी.

कमी करण्याचं वेळापत्रक डॉक्टरच ठरवतात, कारण मूळ आजार शांत आहे का हे त्यांना बघावं लागतं. साधारण चाल अशी असते: 40 मिग्रॅच्या वर असताना आठवड्याला 5 ते 10 मिग्रॅ, 40 ते 20 मध्ये एक-दोन आठवड्यांनी 5, आणि 20 ते 10 मध्ये एक ते चार आठवड्यांनी 1 ते 2.5. दहाच्या खाली मात्र 1 मिग्रॅ, तेही बहुधा महिन्याने. वरचे 30 मिग्रॅ भराभर उतरतात म्हणून माणसाला वाटतं, आता राहिलंच किती! पण शरीराची रोजची स्वतःची गरजच साधारण 5 मिग्रॅ प्रेडनिसोलोनएवढी असते. तिच्या खाली गेलं की उरलेलं निजलेल्या ग्रंथींना भरून काढावं लागतं. बहुतेकांचा तोल इथेच जातो.

1 मिग्रॅची गोळी तालुक्याच्या मेडिकलवर सहज मिळेलच असं नाही. मग डॉक्टर एक दिवस 5, एक दिवस 2.5 असं देतात, सरासरी 3.75 पडते. गोळी सुरीने तोडली तर चुरा ताटलीत राहतो आणि दोन तुकडे सारखे होत नाहीत. मेडिकलवरचं गोळी कापायचं यंत्र घ्या. कोणती गोळी तोडायची नसते तेही तिथेच विचारा. डोस सकाळी आठच्या सुमारास, न्याहारीनंतर. एकादशी असली तरी चुकवू नका, भगर किंवा दूध घेऊन घ्या. रोजचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

डोस उतरला की पहिले काही दिवस अंग मोडून येतं, भूक मरते, मन खट्टू होतं. सकाळी बाजेवरून उठवत नाही, भाकरी थापताना बोटं वळत नाहीत. हे बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. त्याउलट सांधा सुजला, धाप लागली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर मूळ आजार उठतोय. आणि उभं राहताच चक्कर, उलट्या, पोटात कळ, बरळणं, ही कॉर्टिसॉल संपल्याची खूण. तेव्हा थेट दवाखाना गाठायचा. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे, म्हणून घरीच डोस मागेपुढे करू नका.

मधुमेह असेल तर साखर जास्त वेळा तपासा. स्टेरॉइड उतरलं की साखरही उतरते, पण इन्सुलिन जुन्याच मापाचं राहिलं तर रात्री घाम फुटून साखर खाली जाते. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर तेही सांगा. त्याने प्रेडनिसोलोन शरीरातून लवकर निघून जातं.

ताप आला की डोस कमी करणं थांबवा. दहाच्या खाली असलेल्यांना डॉक्टर बहुधा ताप असेपर्यंत सकाळी 5 आणि संध्याकाळी 5 देतात; आपला आकडा आधीच लिहून घ्या. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा घ्या. तीही पडली तर हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं 100 मिग्रॅचं इंजेक्शन आणि सलाइन लागतं. एप्रिल-मेच्या 42 अंशांच्या उन्हात शेतात काम करून जुलाब लागले, तर वाट बघत बसू नका. अंगातलं पाणी-मीठ जाणं या रुग्णांना फार महागात पडतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी शेवटचा टप्पा टोळी निघायच्या तोंडावर सुरू करू नये. गोळ्या पूर्ण हंगामाच्या बांधून घ्या, आणि फडाजवळचा दवाखाना कुठला ते मुकादमाला विचारून ठेवा.

डोस 5 मिग्रॅवर आला की सकाळी आठ ते नऊमध्ये कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करता येते. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावरच घ्या. आकडा 10 मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या वर असेल तर ग्रंथी जाग्या आहेत. 5 च्या खाली असेल तर गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. मधला असेल तर डॉक्टर ठरवतील.

गोळी बंद झाल्यावरही वर्षभर खिशात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर औषधाचं नाव, शेवटचा डोस, बंद केल्याची तारीख, घरचा फोन नंबर आणि ही ओळ: "मी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलं आहे. उलट्या, बेशुद्धी, अपघात किंवा ऑपरेशन असेल तर हायड्रोकॉर्टिसोन 100 मिग्रॅ द्यावं."