कोपराच्या ऑपरेशननंतर पिचिंग सुरू करताय? या चुका टाळा

"सर, आता काहीच दुखत नाही." कोपराचं ऑपरेशन झालेल्या बेसबॉल पिचरच्या (बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्याच्या) तोंडून हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. पाच महिने झालेले असतात, ब्रेस कधीच निघालेला असतो, पोरगं जंगली महाराज रोडवरून गाडी दामटत प्रॅक्टिसला येतं. घोळ होतो तो इथेच.

या ऑपरेशनला टॉमी जॉन सर्जरी म्हणतात. त्यात कोपराच्या आतल्या बाजूच्या फाटलेल्या लिगामेंटच्या (हाडांना जोडून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या) जागी मनगटाजवळची किंवा मांडीची शीर (डॉक्टर तिला टेंडन म्हणतात) हाडात भोकं पाडून ओवतात. ती तिथे रुजून लिगामेंटचं काम करू लागायला वर्षभर तरी जातं. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं. म्हणजे हात 'बरा' वाटतो तेव्हा आतलं काम अर्धंच झालेलं असतं.

ज्याच्या नावाने ही सर्जरी ओळखली जाते त्या अमेरिकन पिचर टॉमी जॉनचं ऑपरेशन डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ च्या सप्टेंबरात केलं. १९७५ चा अख्खा सीझन तो बाहेर होता. १९७६ मध्ये परतला आणि पुढे १६४ सामने जिंकला. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या जपानी स्टार शोहेई ओहतानीच्या कोपरावर २०२३ मध्ये दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. २०२४ मध्ये त्याने फक्त बॅटिंग केली, पिचिंगला उजाडला २०२५ चा जून. आपल्याकडे मात्र आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तारीख बघून परतीचा दिवस ठरतो!

राहिलेले थ्रो भरून काढणं. ही खास पुणेरी पावसाळ्यातली चूक. फेक साधारण ४५ फुटांपासून, हलक्या हाताने सुरू होते. मग ६०, ९०, १२० फूट, आणि शेवटी माउंड (पिचर जिथून फेकतो तो मातीचा उंचवटा). मध्ये एक दिवस सुट्टी. जुलैत आठवडाभर मैदानात चिखल, मग रविवारी ऊन पडलं की तीन दिवसांचा कोटा एका सकाळी. असं करू नका. आठवडा बुडाला तर एक पायरी खाली उतरा. बुडाला तो बुडाला.

रडारगनशी (चेंडूचा वेग मोजणाऱ्या यंत्राशी) स्पर्धा. ऑपरेशनने वेग वाढतो ही निव्वळ अफवा आहे. वाढलाच तर तो वर्षभर पाय, कंबर, खांदा घडवल्यामुळे. चेंडू उंच जातोय, कंट्रोल नाही? सुरुवातीला असं होतंच. त्यावर उपाय म्हणून पन्नास थ्रो जास्त टाकू नका. व्हिडिओ काढा आणि पुढचा पाय टेकताना कोपर खांद्याच्या रेषेखाली पडतंय का ते बघा.

मालिश. कोपर पूर्ण सरळ होत नाही म्हणून कुणी ओळखीच्या मालिशवाल्याकडे नेतं आणि तो हात धरून खेचतो. नव्या ग्राफ्टला (ओवलेल्या शिरेला) याहून वाईट काही नाही. हात सरळ करायचा तो फिजिओनेच.

सोसायटीतलं क्रिकेट. बेसबॉल जेमतेम १४५ ग्रॅमचा, सीझन बॉल त्याहून जड. बाउंड्रीवरून, वॉर्मअप न करता, एकच थ्रो विकेटकीपरकडे! फिजिओला हे कुणी सांगत नाही, पण सांगा.

करंगळी आणि अनामिकेत मुंग्या आल्या, किंवा आतल्या बाजूची कळ दुसऱ्या दिवशीही राहिली, तर फेक तिथेच थांबवा आणि सर्जनला फोन करा. बर्फ लावून, गोळी घेऊन संध्याकाळी पुन्हा मैदानात उतरू नका.