बुटीबोरीच्या गेटपासून पेमेंटपर्यंत : ईआरपीनेक्स्टमध्ये बिलमंजुरीचा वर्कफ्लो कसा बसवावा

माल नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात उतरतो, बिल मात्र शहरातल्या ऑफिसात अकाउंट्सच्या टेबलावर जाऊन पडते. मग फोन सुरू होतात : माल पूर्ण आला का? दर ठरला तोच आहे का? साहेबांनी पाहिलं का? हे तीन प्रश्न प्रत्येक बिलाला न चुकता विचारण्याचे काम सॉफ्टवेअरकडे सोपवता येते. इथे ईआरपीनेक्स्ट या खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची रचना घेतली आहे, कारण ते मुक्तस्रोत आहे आणि हिंगणा-बुटीबोरीतल्या लहान कारखान्यालाही झेपते.

बिल पडून राहणे महागात पडते, हे आधी ध्यानात घ्या. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात. बिल तुमच्या संगणकात कधी चढले याच्याशी तिचा संबंध नाही. मुदत चुकली, तर आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालेल्या तरतुदीने (१९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ४३बी(एच)) तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच आयकरात वजा मिळतो.

आधी कागदावर

वर्कफ्लो, म्हणजे बिल कोणाकडून कोणाकडे जाणार याचे नियम, उघडण्याआधी एका कागदावर बिलाचा रस्ता काढा. आपण चार अवस्था धरू : कच्चे, तपासणीत, परत, मंजूर. ५०,००० रुपयांपर्यंतचे बिल खरेदी व्यवस्थापक मंजूर करतील, त्यावरचे संचालक. अवस्थेपुढे माणसाचे नाव लिहू नका, भूमिका लिहा. प्रत्येक भूमिका किमान दोघांना द्या, नाहीतर एक जण लग्नाला अमरावतीला गेला की सगळी बिले थांबतात.

जुळणी आधी, मंजुरी नंतर

बाइंग सेटिंग्जमध्ये बिलासाठी पर्चेस ऑर्डर आणि पर्चेस रिसिट, म्हणजे आपली जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), दोन्ही सक्तीच्या करा. भाडे, दुरुस्ती अशा बिलांना ऑर्डर नसते. त्या पुरवठादारांच्या मास्टरमध्ये, म्हणजे मूळ नोंदीत, ऑर्डरशिवाय बिल करू देणारी सूट टिक करा. अकाउंट्स सेटिंग्जमध्ये पुरवठादाराचा बिल क्रमांक दुबार आला तर अडवणारी तपासणी आहे, तीही चालू करा. एकच बिल ईमेलने एकदा आणि कुरिअरने एकदा येते, तेव्हा तीच वाचवते.

उदाहरण पाहा. ५०० किलो लोखंडी अँगलची ऑर्डर आहे, वजनकाट्यावर ४८० भरले, बिल ५०० चे आले. स्टोअरने जीआरएन ४८० चीच केली आणि बिल त्या जीआरएनवरून बनवले, तर २० किलोंचा फरक समोर उभा राहतो. अकाउंट्सने बिल थेट टाइप केले, की तो दडून जातो. पुरवठादाराकडून २० किलोंची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद, मागा आणि ती येईपर्यंत बिल तपासणीत ठेवा.

आता वर्कफ्लो

नवीन वर्कफ्लो उघडा, डॉक्युमेंट टाइप पर्चेस इन्व्हॉइस निवडा. अवस्थांच्या तक्त्यात कच्चे, तपासणीत आणि परत यांना डॉक स्टेटस ० (अजून सबमिट न झालेले) द्या, मंजूरला १ (सबमिट झालेले). परतला चुकून १ दिलात तर बिल सबमिट होऊन बसते आणि पुन्हा कच्चे होऊ शकत नाही, रद्दच करावे लागते. पहिल्या ओळीत कच्चेच ठेवा, कारण नवे बिल त्याच अवस्थेत जन्मते. परत अवस्थेत बदल करण्याची मुभा अकाउंट्सला द्या.

पुढचा तक्ता स्थित्यंतरांचा, म्हणजे बिल एका अवस्थेतून दुसरीत कोण आणि कधी नेणार याचा, आणि बहुतेक चुका इथेच होतात. रकमेची अट लिहिताना एका ओळीत ‘५०,००० पेक्षा कमी’ आणि दुसरीत ‘५०,००० पेक्षा जास्त’ लिहिले, की नेमक्या ५०,००० च्या बिलावर मंजुरीचे बटण कोणालाच दिसत नाही. एका बाजूला ‘किंवा समान’ हवेच. आयात असेल तर अट ग्रँड टोटलवर न लावता बेस ग्रँड टोटलवर, म्हणजे रुपयांतल्या रकमेवर लावा. डॉलरमधले १०,००० ही ‘छोटी रक्कम’ नव्हे.

‘अलाउ सेल्फ अप्रूव्हल’ ही टिक मंजुरीच्या ओळींवरून काढा, म्हणजे बिल चढवणाराच ते मंजूर करणार नाही. पण कच्चेतून तपासणीत पाठवण्याच्या ओळीवर ती राहू द्या. तिथूनही काढली तर बिल बनवणाऱ्याला आपलेच बिल पुढे पाठवता येत नाही आणि दोष सॉफ्टवेअरला जातो.

परत पाठवताना कारण लिहिलेच पाहिजे. बिलावर कारणाचे एक फील्ड जोडा आणि परतच्या स्थित्यंतराला ‘कारण रिकामे नसावे’ अशी अट लावा. कारण लिहून सेव्ह केल्याशिवाय बटणच दिसणार नाही.

आठवण आणि तारीख

नोटिफिकेशनमध्ये ‘डेज आफ्टर’ निवडून, अवस्था तपासणीत असेल तर दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांना मेल जाईल अशी सोय करा. हा मेल नेमक्या त्याच दिवशी, एकदाच जातो; चौथ्या दिवसासाठी दुसरे नोटिफिकेशन हवे. त्याला सुटीही कळत नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेलेला मेल कोणी उघडला नाही, तर पुढची आठवण तीच पहिली समजा.

बिल चढवताना पुरवठादाराच्या बिलाची तारीख कधीही रिकामी सोडू नका. ती नसली की पेमेंटची मुदत पोस्टिंगच्या, म्हणजे हिशेबात बिल नोंदवल्याच्या, तारखेपासून मोजली जाते आणि तुमचे ४५ दिवस कागदोपत्री लांबतात.

चाचणी

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चाचणी करू नका, त्याला सेल्फ अप्रूव्हलची बंदी लागूच होत नाही. अकाउंट्स, व्यवस्थापक, संचालक असे तीन वेगळे लॉगिन घ्या आणि चाचणीच्या साइटवर ४९,९९९, ५०,०००, ५०,००१ ची तीन बिले व एक परत पाठवायचे बिल चालवून पाहा. मगच खऱ्या साइटवर वर्कफ्लो सक्रिय करा. तिथे अर्धवट पडलेली जुनी बिले सक्रिय होताच कच्चे अवस्थेत दिसू लागतील. ती त्याच दिवशी बसून पुढे पाठवा.