परीक्षक बोलावण्याआधी त्यांची तालीम विचारा

आमच्या गायन-भजन स्पर्धेतल्या एका गुणपत्रिकेवर परीक्षकांनी लिहिलं होतं : 'सूर चांगला. लय वाढत जाते. आलापी नाही.' गुण शंभरात एक्केचाळीस. मंडळ बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, पखवाजावर सत्तरीला टेकलेले एक बुवा. कागद माझ्यापुढं धरून ते म्हणाले, "बाई, लय वाडवायची न्हाई तर भजन करायचं कशाला? आमचं गाणं त्यास्नी कळंना, का त्यांचं आमास्नी?"

मला उत्तर सुचलं नाही. चूक बुवांची नव्हती आणि परीक्षकांचीही नव्हती, ती माझी होती. आयुष्यभर विलंबित ख्याल, म्हणजे अगदी संथ लयीतलं शास्त्रीय गाणं, गायलेल्या माणसाला मी वारकरी भजनाच्या पंगतीला नेऊन बसवलं होतं, तेही 'गायनाची अलंकार परीक्षा झालेले आहेत, फार मोठे आहेत' एवढं कुणीतरी सांगितलं म्हणून.

मराठी शाळेत बत्तीस वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. पेटी लहानपणापासून वाजवते. गणपतीच्या दिवसांत आमची गायन-भजन स्पर्धा होते, तिचे परीक्षक जमवायचं काम माझ्याकडं आहे. त्या वर्षानंतर मी दोनशे पानी वही घातली. एका परीक्षकाला एक पान. हल्ली येळ्ळूर, निपाणीकडच्या मंडळांतली पोरं फोन करतात, "बाई, कुणाचं तरी नाव सांगा की." नाव सांगून भागत नाही. वहीत काय लिहायचं ते सांगते, नावं तुमची तुम्ही शोधा.

आधी गट ठरवा, मग माणूस. बहुतेक मंडळं उलटं करतात. कुणीतरी मोठं नाव 'हो' म्हणतं आणि त्याच्यापुढं भजन, भावगीत, नाट्यगीत, बालगट सगळं वाढलं जातं. तुमच्याकडं भजनाची वीस मंडळं आणि भावगीताची चार पोरं असतील, तर तीन परीक्षकांतले दोघे भजन जाणणारे हवेत. 'जय जय रामकृष्ण हरी'पासून सुरुवात, मग रूपाचा अभंग, पुढं गौळण, आणि प्रत्येक अभंगाची लय टाळकऱ्यांच्या पावलाबरोबर चढत जाणार, ही ज्याच्या अंगवळणी पडलेली बाब आहे तोच सांगू शकतो की लय चढवली की सुटली. चढवणं आणि सुटणं यांत फरक आहे. चढवलेल्या लयीत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सगळ्यांची एका ठिकाणी येते. सुटलेल्या लयीत पखवाज पुढं आणि टाळ मागं राहतात. ख्यालवाल्याला दोन्ही सारखंच 'लय वाढली' असं ऐकू येतं.

नाट्यगीताचं तसंच. हा गट ठेवल्याशिवाय आमच्या भागात स्पर्धा पुरी होत नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' नाटक रंगभूमीवर आणणारे. तेव्हा हौस रक्तात आहे. पण नाट्यपद हे कुणाच्या तरी तोंडचं बोलणं असतं. मैफलीचा गवई त्यातल्या तानांना गुण देतो. रंगमंचावर उभं राहून गायलेला माणूस विचारतो, हे पद म्हणताना पात्र रागावलंय की लाजतंय? मला दुसरा माणूस हवा असतो. नाहीतर पोरं पद चार मिनिटांचं आणि ताना सहा मिनिटांच्या घेतात.

आता परिचयपत्र कसं वाचायचं. हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण इथंच सगळे फसतात.

'संगीत विशारद' दिसलं की पहिला प्रश्न : विषय कुठला? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा चढत जातात, पण गायनात, तबल्यात, पेटीत, सतारीत, सगळ्यांत. मी एकदा 'विशारद' वाचून बालगटाच्या गायनाला ज्यांना बोलावलं ते तबल्याचे निघाले. माणूस सरळ, आल्या आल्या त्यांनीच सांगितलं. आम्ही त्यांना ताल तपासायला बसवलं आणि त्यांनी ते काम उत्तम केलं. आमच्याकडं दुसरी शिडीही आहे, कर्नाटकाची : ज्युनिअर, सिनिअर, विद्वत. त्यातही हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत वेगवेगळं. 'विद्वत' म्हणजे विद्वत्तेचा गौरव असं समजून आमच्या निवेदकानं एकदा 'विद्वान पंडित' करून टाकलं होतं. परीक्षेचं नाव आहे ते, आहे तसं वाचा.

मग 'आकाशवाणी कलाकार'. श्रेणी विचारा. बी, बी हाय, ए, टॉप, असा चढ आहे. धारवाड केंद्र की सांगली केंद्र, तेही लिहून घ्या. पण श्रेणी नाही म्हणून कुणाला खाली लेखू नका, विशेषतः पेटीवाल्यांना. आकाशवाणीवर १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला बंदीच होती. आमच्या बेळगावचे पेटीवादक रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) हयातभर मोठमोठ्या गवयांना साथ करत आले, इथंच पोरं तयार केली. त्या पिढीची पात्रता रेडिओच्या कागदात शोधायला गेलात तर अर्धी सापडायची नाही. साथीदार हा उत्तम परीक्षक असतो, हे माझं ठाम मत. पेटीवर बसलेली म्हणून म्हणत नाही. साथीदारानं शेकडो गळ्यांमागं धावून प्रत्येकाची खोड पाहिलेली असते.

'अमुक पंडितांचे शिष्य' या ओळीपाशी थांबा. किती वर्षं? घरी जाऊन की आठ दिवसांच्या शिबिरात? हे तोंडावर विचारायला संकोच वाटतो, म्हणून मी असं विचारते : "गुरुजींकडं पहिला राग कुठला घेतलात, आणि तो किती दिवस चालला?" ज्यानं तालीम घेतलीय तो हसतो. "यमन, दीड वर्ष. नुसता यमन!" असं म्हणून मग पंधरा मिनिटं बोलत राहतो. शिबिरातला माणूस गुरुजींचं नाव दुसऱ्यांदा सांगतो.

घराणं, म्हणजे गाण्याची गुरुपरंपरा, का विचारायचं? शोभेसाठी नव्हे. बेळगाव अशा जागी आहे की चारी बाजूंनी गाणं येऊन पोचतं. उत्तरेला मिरज, जिथं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेर घराण्याची गायकी रुजवली आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी किराणा घराण्याची. कोल्हापूरला अल्लादिया खाँसाहेब, जयपूर-अत्रौलीचे. दक्षिणेला धारवाड-हुबळी, गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर. हे सगळं गाडीनं काही तासांत. म्हणून आमच्या परीक्षकांत तिन्ही कानांची माणसं सापडतात आणि गुण देताना ते कान दिसतात. किराण्याचा माणूस पहिल्या 'सा'लाच पेन उचलतो, सूर लागला नाही तर पुढं काहीही करा. ग्वाल्हेरचा बंदिशीची मांडणी बघतो, स्थायी-अंतरा नीट म्हटला का, शब्द तोडले का. जयपूरच्या तालमीतला लयीशी गुंफलेली स्वराकृती शोधतो आणि सरळ गाणारं पोर त्याला कधीकधी साधं वाटतं. बारा वर्षांच्या मुलांच्या गटाला मी पहिले दोन बसवते, तिसऱ्याला खुल्या गटात.

गावावरून मात्र घराणं धरू नका. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले आमच्या सुळेभावीत, शिकले मुंबईला देवधर मास्तरांकडं, आणि गायले कुणाच्याच चौकटीत न बसणारं. मन्सूर अण्णांची आधीची तालीम नीलकंठबुवांकडची, ग्वाल्हेरची. जयपूरचे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ नंतर आले. म्हणून माझ्या वहीत गुरूंची नावं क्रमानं असतात, सगळ्यांत मोठं नाव आधी असं नाही.

भाषेचा रकाना आमच्या भागात लागतोच. परीक्षक बऱ्याचदा कन्नड घरातले असतात आणि स्पर्धक दोन्हीकडचे. मराठीत 'च' दोन. चरणातला वेगळा, चोखोबातला वेगळा. कन्नड घरातलं पोर दोन्ही एकसारखे म्हणतं. मराठी परीक्षकाला ते खुपतं, कन्नड परीक्षकाच्या ध्यानातही येत नाही. उलटंही होतं. कन्नडमध्ये ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ वेगळे : 'कोडु' आखूड म्हटलं तर 'दे', लांबवलं तर 'शिंग'. आमची मराठी मुलं बसवण्णांचं वचन किंवा पुरंदरदासांचं पद फार गोड म्हणतात आणि देवापाशी शिंग मागून मोकळी होतात. म्हणून तिघांत एक तरी असा हवा ज्याचे दोन्ही भाषांचे कान शाबूत आहेत. तोच शब्दोच्चाराचे गुण देईल, बाकीचे दोघे तो रकाना सोडतील. आम्ही शंभरात वीस गुण त्याला ठेवलेत.

आता नाजूक गोष्ट. फोनवर शेवटी विचारा : "सध्या तुमच्याकडं कोण कोण शिकतंय?" एवढ्याशा मुलखात प्रत्येक जण कुणाचा तरी विद्यार्थी, भाचा नाहीतर सून असते. तसला परीक्षक नकोच म्हणाल तर खुर्च्या रिकाम्या राहतील. आमचा नियम साधा : आपला विद्यार्थी गायला आला की परीक्षकांनी पेन खाली ठेवायचं, उरलेल्या दोघांची सरासरी धरायची, आणि हे माईकवरून आधीच सांगायचं. नियम केला त्या वर्षी एका ज्येष्ठांना राग आला. "माझ्यावर विश्वास नाही काय?" म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, तुमच्यावर आहे, मागं बसलेल्या पालकांवर नाही." हसले आणि पेन ठेवलं.

तब्येतीचंही विचारावं, आडून. एका गुरुजींना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. ते सांगत नाहीत, पण बोलताना मान वळवतात. मी त्यांची खुर्ची अशी लावते की स्पीकर उजवीकडं येईल. चहा बिनसाखरेचा की साधा, परतीची शेवटची गाडी किती वाजता, मानधन किती आणि गाडीखर्च वेगळा की त्यातच, हे फोनवरच मिटवा. पाकिटाबरोबर पाव किलो कुंदा देतो आम्ही, धारवाडहून येणाऱ्यांनाही. तिकडं पेढा आहे, कुंदा नाही.

मंचावरचा परिचय. आमच्याकडं एकदा तीन परीक्षकांचे परिचय मिळून पंचवीस मिनिटं चालले. पहिली मुलगी पांढरी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला, तंबोरा लावून बसली होती. तिची पाळी येईतो पंख्याच्या वाऱ्यानं तारा उतरल्या आणि बिचारीचा पंचमच हरवला. तेव्हापासून एका परीक्षकाला पाच वाक्यं, मराठीतून आणि कन्नडमधून, मीच लिहिते. गाव, गुरू क्रमानं, काय गातात-वाजवतात, किती वर्षं शिकवतात, आणि पाचवं वाक्य त्यांच्याकडून मागून घेतलेलं : 'मी ऐकताना आधी काय बघतो.' पुरस्कारांची यादी पत्रिकेत छापा, ज्यांना हवी ते वाचतील. 'पंडित' लावायचं की नाही ते त्यांनाच विचारा. खरे मोठे बहुधा नको म्हणतात.

हे पाचवं वाक्य आम्ही आठ दिवस आधी सगळ्या मंडळांना व्हॉट्सॲपवर पाठवतो. सुरुवातीला कमिटीतले ओरडले, म्हणे पेपर फोडल्यासारखं होतं. फुटू दे की. बघतात काय हे कळलं म्हणून कुणाचा सूर रातोरात लागत नाही.

ते बुवा दोन वर्षं आले नाहीत. तिसऱ्या वर्षी आले, नोंदणीच्या टेबलापाशी उभे राहिले आणि अर्ज भरायच्या आधी विचारलं, "तालाला कोण बसलंय?" मी नाव सांगितलं, पखवाजाचे, दिंडीत चाललेले. बुवा काही बोलले नाहीत. मंडपाच्या मागं जाऊन पिशवीतून कणकेचा गोळा काढला, पखवाजाच्या डाव्या पुडीवरची वाळलेली कणीक नखानं खरवडली आणि नवी थापून अंगठ्यानं दाबत, कान लावत बसले. अर्ज त्यांच्या नातवानं भरला.